मास्तर वेल्स आणि त्यांचे लेखकमित्र

एच. जी. वेल्स म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांना तीन गोष्टी आठवतात. काळात मागेपुढे नेणारे यंत्र, अदृश्य झालेला माणूस आणि मंगळावरून पृथ्वीवर झालेली स्वारी. कुणी त्या मूळ इंग्रजीत वाचल्या असतील, कुणी मराठी रूपांतरात, तर कुणी फक्त सिनेमा पाहिला असेल. विज्ञानकथेच्या जनकांपैकी एक म्हणून त्यांचे नाव घेतले जाते, आणि ते बरोबरच आहे. पण शाळेच्या स्मरणिकेत त्यांच्यावर लिहावेसे वाटले ते वेगळ्या कारणाने. एक तर हा माणूस शाळामास्तर होता. दुसरे, एका हेडमास्तरांनी वेळेवर हात दिला नसता तर तो आयुष्यभर कापडाच्या दुकानात गज घेऊन उभा राहिला असता. आणि तिसरे, स्वतः वर आल्यावर या माणसाने इतर लेखकांसाठी जे केले, ते त्याच्या कादंबऱ्यांच्या मानाने फार कमी लोकांना ठाऊक आहे.

हर्बर्ट जॉर्ज वेल्स यांचा जन्म २१ सप्टेंबर १८६६ रोजी, लंडनजवळच्या ब्रॉम्ली गावी झाला. घरी सगळे बर्टी म्हणत. वडील जोसेफ पूर्वी माळीकाम करायचे, नंतर त्यांनी चिनी मातीच्या भांड्यांचे दुकान टाकले. दुकान चालत नव्हते. त्याच दुकानात बॅट, चेंडू, स्टंपही विकायला असत, कारण जोसेफ वेल्स हे केंटकडून खेळणारे व्यावसायिक गोलंदाज होते. १८६२ मध्ये ससेक्सविरुद्ध त्यांनी लागोपाठ चार चेंडूंवर चार बळी घेतले. प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये असे करणारे ते पहिलेच. आपल्या बॅचमधल्या क्रिकेटवेड्यांना मुलापेक्षा बापाचेच चरित्र जास्त आवडेल, याची मला कल्पना आहे. पण १८७७ मध्ये मांडीचे हाड मोडले आणि जोसेफ यांचा खेळ संपला. दुकानाला खेळाच्या कमाईचा टेकू होता, तोही गेला. आई सारा लग्नापूर्वी मोठ्या घरातल्या बाईंची खास दासी होती. १८८० मध्ये ती ससेक्समधल्या अपपार्क या वाड्यावर घरकारभारीण म्हणून नोकरीला गेली आणि घर मोडलेच.

त्याआधी, सात-आठ वर्षांचा असताना, बर्टीचाही पाय मोडला होता. अंथरुणावर पडून राहिलेल्या पोराला वडील वाचनालयातून पुस्तके आणून देत. पुढे वेल्स हा अपघात आपल्या नशिबाचा भाग मानत. पाय मोडला नसता तर वाचनाची गोडी लागली नसती, असा त्यांचा हिशेब होता.

चौदाव्या वर्षी शाळा सुटली आणि उमेदवारी सुरू झाली. आईच्या डोळ्यांपुढे एकच चित्र होते, मुलाने कापडाच्या मोठ्या दुकानात चिकटावे. पहिल्या दुकानातून त्याला काढून टाकले. काही दिवस औषधाच्या दुकानात गेले. मग साउथसी येथील कापडाच्या पेढीवर आईने अनामत भरून त्याला पुन्हा उमेदवार म्हणून ठेवले. दिवसाचे तेरा तास काम, रात्री इतर उमेदवारांबरोबर एका खोलीत झोपायचे, आणि कामात चूक झाली की बोलणी. दोन वर्षे त्याने हे काढले. मग एका रविवारी सकाळी, कुणाला न सांगता, न खाता, तो सतरा मैल चालत अपपार्कला आईकडे गेला आणि मला यातून सोडव, नाहीतर जीव देईन, असे त्याने तिला सांगितले.

सुटायचे म्हणजे जायचे कुठे? इथे होरेस बायट नावाचे हेडमास्तर या गोष्टीत येतात. मिडहर्स्टच्या ग्रामर स्कूलचे हे मुख्याध्यापक. औषधाच्या दुकानात असताना लॅटिन येणे जरुरीचे म्हणून बर्टी काही आठवडे त्यांच्याकडे शिकायला गेला होता. तेवढ्या ओळखीवर त्याने त्यांना पत्र लिहिले. बायटनी त्याला सहायक शिक्षक म्हणून यायला सांगितले, पगार वर्षाला वीस पौंड, आणि उपयोगी पडलास तर चाळीस. यात बायट यांचाही फायदा होता, हे सांगायला हवे. त्या काळी सरकारच्या विज्ञान परीक्षांत विद्यार्थी चांगल्या श्रेणीत उत्तीर्ण झाले की शिकवणाऱ्याला अनुदान मिळे. बायट संध्याकाळचे वर्ग कागदोपत्री चालवत, आणि हा हुशार पोरगा एकटा बसून पुस्तकांवर पुस्तके संपवून त्या परीक्षा देत असे. व्यवहार दोघांच्याही सोयीचा होता. पण तेवढ्यावरून बायटना कमी लेखावे असे मला वाटत नाही. अनामत बुडवून पळालेल्या सतरा वर्षांच्या उमेदवाराला कामावर घेणारे किती हेडमास्तर असतील?

त्या परीक्षांच्या जोरावर १८८४ मध्ये वेल्सना लंडनच्या नॉर्मल स्कूल ऑफ सायन्समध्ये शिष्यवृत्ती मिळाली. आठवड्याला एक गिनी. पोटभर जेवण होत नसे, कपडे विटलेले असत. पण पहिल्या वर्षी जीवशास्त्र शिकवायला टी. एच. हक्सली होते. डार्विनची बाजू घेऊन बिशपांशी भांडलेले तेच हक्सली. ते एक वर्ष वेल्स जन्मभर विसरले नाहीत. पुढची दोन वर्षे भौतिकशास्त्र आणि भूगर्भशास्त्र यांनी त्यांना इतका कंटाळा आणला की अभ्यास सोडून ते वादविवाद मंडळात रमले, विद्यार्थ्यांचे 'सायन्स स्कूल्स जर्नल' हे मासिक काढण्यात पुढे राहिले, आणि १८८७ मध्ये शेवटच्या परीक्षेत नापास होऊन पदवीविना बाहेर पडले. काळयंत्राच्या कल्पनेवरची त्यांची पहिली गोष्ट १८८८ मध्ये त्या विद्यार्थी मासिकातच आली. आपल्या शाळेच्या हस्तलिखितात लिहिणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

या कॉलेजातला एक सोबती पुढे पुन्हा भेटणार आहे, म्हणून त्याचे नाव इथेच सांगतो. रिचर्ड ग्रेगरी. ब्रिस्टलच्या एका चांभाराचा मुलगा. वडील जोडे शिवता शिवता कविता करत. वेल्स आणि ग्रेगरी यांनी १८९३ मध्ये मिळून एक पाठ्यपुस्तकही लिहिले.

नापास झाल्यावर वेल्स मास्तरकीकडे वळले. पहिली शाळा वेल्स प्रांतात रेक्सहॅमजवळ होती (प्रांताचे आणि माणसाचे नाव मराठीत सारखेच दिसते, त्याला इलाज नाही). तिथे मुलांबरोबर फुटबॉल खेळताना एका दांडगट पोराने धक्का दिला, मूत्रपिंडाला जबर मार बसला, आणि पाठोपाठ खोकल्यातून रक्त पडू लागले. बरीच वर्षे आपण क्षयाने मरणार असेच ते धरून चालले होते. १८८९ मध्ये लंडनच्या किलबर्न भागातल्या हेन्ली हाउस या छोट्या शाळेत नोकरी मिळाली. मालक आणि मुख्याध्यापक जॉन व्हाइन मिल्न. मुलांना घोकंपट्टी करायला न लावता शिकवणारा हा माणूस वेल्सना फार आवडला. मिल्न यांचा धाकटा मुलगा त्याच शाळेत होता, तो वेल्स यांचा विद्यार्थी. तो मुलगा म्हणजे 'विनी द पू' लिहिणारे ए. ए. मिल्न. शाळेत नोकरी करता करताच वेल्स यांनी १८९० मध्ये लंडन विद्यापीठाची पदवी बाहेरून मिळवली, प्राणिशास्त्रात पहिल्या वर्गात.

१८९३ च्या मे महिन्यात शिकवण्यासाठीच्या नमुन्यांनी भरलेली जड पिशवी घेऊन स्टेशनकडे जाताना पुन्हा रक्ताची गुळणी आली. वर्गात उभे राहून शिकवणे संपले, आणि घर चालवायला लेखन हाच मार्ग उरला. वर्तमानपत्रांना छोटे विनोदी लेख देत देत ते डब्ल्यू. ई. हेन्ली या संपादकापर्यंत पोचले. हेन्ली हे एक पाय कापलेले, दांडगे, गडगडाटी गृहस्थ. स्टीव्हन्सनच्या 'ट्रेझर आयलंड'मधला लंगडा चाचा त्यांच्यावरूनच सुचला. काळप्रवासाची वेल्स यांची लेखमाला हेन्लींच्या साप्ताहिकात अर्धवट राहिली होती. साप्ताहिक हातातून गेल्यावर हेन्लींकडे नवे मासिक आले, तेव्हा त्यांनी त्या लेखमालेची कादंबरी करायला लावली आणि तिचे शंभर पौंड दिले. १८९५ मध्ये 'द टाइम मशीन' पुस्तकरूपाने आले ते हेन्लींनाच अर्पण केलेले. पुढची सहा वर्षे आपण जाणतोच: डॉ. मोरोचे बेट, अदृश्य माणूस, मंगळाची स्वारी, चंद्रावरची माणसे.

त्याच काळात वेल्स 'सॅटरडे रिव्ह्यू' या साप्ताहिकात कादंबऱ्यांची परीक्षणे लिहीत. परीक्षणे निनावी असत. परीक्षकाला आठवड्याचा गठ्ठा येतो, त्यात निम्मी रद्दी. अशाच एका गठ्ठ्यात १८९५ मध्ये पोलिश घराण्यात जन्मलेल्या कुणा खलाशाची पहिली कादंबरी आली. लेखकाचे नाव जोसेफ कॉनरॅड. वेल्सनी तिची मनापासून स्तुती केली. पुढच्या वर्षी दुसरी कादंबरी आली तेव्हा मात्र त्यांनी नुसती स्तुती केली नाही. लेखक मोठा आहे हे स्वच्छ सांगून, शब्दांचा पसारा फार घालतो म्हणून कानउघाडणीही केली. कॉनरॅडनी त्या अनामिक परीक्षकाला पत्र लिहिले आणि उत्तर आले ते वेल्स यांचे. तिथून मैत्री. पुढे काही वर्षे दोघे केंट परगण्यात एकमेकांपासून जवळच राहत होते. १९०७ मध्ये कॉनरॅडनी 'द सिक्रेट एजंट' ही कादंबरी वेल्सना अर्पण केली. नंतर दोघांचे पटेनासे झाले, पण ज्या वेळी कॉनरॅडना कुणी ओळखत नव्हते त्या वेळी गठ्ठ्यातून ते पुस्तक बाजूला काढून नीट वाचणारा माणूस वेल्स होता.

आता १८९९ चा नाताळ. 'द रेड बॅज ऑफ करेज' लिहिणारे तरुण अमेरिकन लेखक स्टीफन क्रेन तेव्हा ससेक्समधल्या ब्रीड येथे एका जुनाट, पडक्या वाड्यात राहत. कर्ज डोक्यावर, छातीत क्षय, तरी त्यांनी लेखकमित्रांना बोलावून मोठी मेजवानी मांडली. गावच्या शाळेत एक नाटकही झाले, भुताचे. त्यात एक-दोन वाक्ये किंवा शब्द का होईना, दहा लेखकांनी लिहिले होते. कॉनरॅड, हेन्री जेम्स, गिसिंग, वेल्स, सगळे. नाच संपला त्या रात्री क्रेन कोसळले, तोंडातून रक्त आले. वेल्सना स्वतःच्या अनुभवाने त्याचा अर्थ कळत होता. पहाटेच्या रिमझिम पावसात, ओल्या रस्त्यावरून, सायकल मारत ते सात मैलांवरच्या राय गावी डॉक्टरला आणायला गेले. क्रेन पुढे सहाच महिने जगले. गेले तेव्हा ते अवघे अठ्ठावीस वर्षांचे होते. वेल्स यांनी त्यांच्यावर लगेच दीर्घ लेख लिहिला, इंग्लंडने त्यांना काय मानावे ते सांगणारा.

जॉर्ज गिसिंग यांची हकिगत अधिक अवघड आहे. दारिद्र्यात पिचणाऱ्या लेखकांवर 'न्यू ग्रब स्ट्रीट' ही कादंबरी लिहिणारे गिसिंग स्वतःही तसेच जगत होते. १८९६ मध्ये दोघांची ओळख झाली. वेल्सनी त्यांना सायकल शिकवण्याचा प्रयत्न केला, गिसिंग वारंवार पडत आणि हसत. १८९८ मध्ये वेल्स पतिपत्नी रोमला गेले तेव्हा गिसिंगनी त्यांना शहर दाखवले. १९०३ च्या डिसेंबरात फ्रान्सच्या दक्षिणेकडून, पिरेनीज पर्वताच्या पायथ्याच्या इस्पूर या खेड्यातून तार आली की गिसिंग शेवटचे आहेत, या. स्वतःला बरे नसताना, ऐन नाताळात, वेल्स तिकडे धावले. रुग्णाला उपाशी ठेवले आहे असे त्यांना वाटले. त्यांनी सूत्रे हाती घेऊन त्यांना खायला घातले. ताप वाढला. २८ डिसेंबरला गिसिंग गेले. तोवर वेल्स परतले होते. गिसिंग यांच्या सोबतीण गाब्रिएल फ्लेरी यांनी त्या खाण्याचा दोष नंतर वेल्सना दिला. आजारी माणसाभोवतीचे असे वाद आपण आपल्या घरांतही पाहिलेले असतात, कोण बरोबर हे कधी ठरत नाही.

त्यानंतरही गोष्ट सुरळीत झाली नाही. गिसिंग यांच्या दोन मुलांसाठी सरकारी निवृत्तिवेतन मिळावे म्हणून वेल्सनी इतरांबरोबर खटपट केली, ती फळली. पण गिसिंग यांच्या अपूर्ण कादंबरीला त्यांनी लिहिलेली प्रस्तावना कुटुंबाला रुचली नाही. मित्राच्या आयुष्यातील दुःख त्यांनी सूचकपणे का होईना, सांगितले होते. ती बाजूला ठेवून दुसऱ्या लेखकाची प्रस्तावना घातली गेली. वेल्सनी आपली प्रस्तावना मासिकात लेख म्हणून छापली. मला इथे कुटुंबाचीही बाजू कळते. पण एक गोष्ट खरी, की वेल्स यांची मदत कधी हातचे राखून केलेली नसे. ते धडपडत, घाई करत, दुसऱ्याच्या घरात शिरून भांडी हलवत. सभ्यपणे लांब उभे राहणे त्यांना जमत नव्हते.

त्यांच्या स्वभावाची काळी बाजू झाकून हा लेख लिहिला तर तो खोटा होईल. पहिली पत्नी इझाबेल ही त्यांची चुलत बहीण. तिला सोडून त्यांनी आपल्या विद्यार्थिनीशी, एमी कॅथरीन रॉबिन्सशी, १८९५ मध्ये लग्न केले. एमीची शाळेतली वर्गमैत्रीण डोरोथी रिचर्डसन १८९६ मध्ये जुन्या ओळखीने घरी येऊ लागली. लंडनमध्ये दंतवैद्यांकडे आठवड्याला एक पौंडावर काम करणारी ही बाई. तिने लिहावे म्हणून वेल्स सतत तिच्या मागे लागत. पण नाते तिथे थांबले नाही, आणि यात मैत्रिणीचा विश्वास मोडला गेला. रिचर्डसनबाईंनी पुढे 'पिल्ग्रिमेज' ही अनेक खंडांची कादंबरी लिहिली. मनाच्या प्रवाहाने जाणारी कादंबरी इंग्रजीत प्रथम लिहिणाऱ्यांत त्यांचे नाव घेतात. त्या कादंबरीत वेल्स वेगळ्या नावाने येतात आणि ते चित्र काही खुशामतीचे नाही. प्रोत्साहनाची परतफेड म्हणून ते गोड करून रंगवावे, असे त्या बाईंना वाटले नाही. बरेच झाले.

आणि हेन्री जेम्स. १८९८ मध्ये वेल्स आजारी पडले होते. तेव्हा जेम्स आणि एडमंड गॉस हे दोन ज्येष्ठ सायकलवरून त्यांना भेटायला आले. गप्पा मारून गेले. ते गरजू लेखकांना मदत करणाऱ्या निधीच्या वतीने, मदत हवी आहे का हे न दुखवता पाहायला आले होते, हे वेल्सना नंतर उमगले. अशा माणसाची वेल्सनी १९१५ मध्ये एका पुस्तकात टवाळी केली, जेम्स आजारी आणि म्हातारे असताना. कादंबरी कशासाठी लिहायची यावर दोघांचा खरा मतभेद होता, तो वाद करण्याजोगाही होता. पण ती पद्धत हलकी होती. वेल्स यांच्या चाहत्यानेसुद्धा हे प्रकरण वाचून मान खाली घालावी.

आता त्यांच्या मदतीतला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग. ज्याचे लिहिणे आपल्याला पटत नाही, त्याच्याही पाठीशी ते उभे राहत. १९१७ मध्ये जेम्स जॉइस यांची 'ए पोर्ट्रेट ऑफ द आर्टिस्ट अ‍ॅज अ यंग मॅन' ही कादंबरी इंग्लंडमध्ये मोठ्या मुश्किलीने निघाली. लेखक झुरिकमध्ये, परागंदा. वेल्सनी 'नेशन' साप्ताहिकात तिच्यावर मोठे परीक्षण लिहिले. त्यातल्या घाणीच्या वर्णनांबद्दल त्यांनी नाक मुरडले, पण पुस्तक विकत घ्या, वाचा, कपाटात ठेवा, असे वाचकाला स्पष्ट बजावले. १९२८ मध्ये जॉइस पुढच्या, अधिकच दुर्बोध पुस्तकासाठी पाठिंबा शोधत होते. तेव्हा वेल्सनी कळवले की हा मार्ग माझा नाही, मी त्याचा प्रचार करू शकत नाही. पण तुमच्या बुद्धीबद्दल मला आदर आहे आणि तुम्हाला यश मिळो. नकार असावा तर असा. शिवाय तो पाठीमागे न सांगता समोर सांगितलेला.

१९१९ मधली बार्बेलियनची हकिगत तर एखाद्या कादंबरीसारखी आहे. ब्रूस कमिंग्ज हा लंडनच्या निसर्गेतिहास संग्रहालयात काम करणारा तरुण. तेराव्या वर्षापासून रोजनिशी लिहीत होता. १९१५ मध्ये सैन्यभरतीसाठी जाताना त्याच्या डॉक्टरने एक बंद पाकीट दिले होते. परत येताना त्याने ते फोडले आणि आपल्याला मज्जासंस्थेचा असाध्य रोग आहे हे त्याला त्यातून कळले. घरच्यांना हे माहीत होते, त्यालाच कुणी सांगितले नव्हते. त्याने रोजनिशी पुस्तकरूपाने काढायचे ठरवले, डब्ल्यू. एन. पी. बार्बेलियन या टोपणनावाने. एका प्रकाशकाने घेऊन परत केली, दुसऱ्याने काढली. वेल्सनी तिला प्रस्तावना लिहिली. पुस्तक गाजले, आणि लोक म्हणू लागले, बार्बेलियन नावाचा कुणी नाहीच, हे सगळे वेल्स यांचेच कारस्थान! वेल्सना तसे नसल्याचे जाहीर करावे लागले. पुस्तकाच्या शेवटी लेखक १९१७ च्या अखेरीस वारला असे छापले होते, प्रत्यक्षात तो अंथरुणाला खिळून जिवंत होता आणि आपल्या पुस्तकाची परीक्षणे वाचत होता. १९१९ च्या ऑक्टोबरात तो गेला. वेल्ससारख्या नावाची प्रस्तावना नसती तर कदाचित त्याला तेवढेही पाहायला मिळाले नसते.

मॅक्सिम गॉर्की यांच्याशी त्यांची ओळख १९०६ ची, अमेरिकेतली. गॉर्कींच्या बरोबरची स्त्री त्यांची कायदेशीर पत्नी नाही, हे वर्तमानपत्रांनी छापताच न्यूयॉर्कच्या हॉटेलांनी त्यांना बाहेर काढले होते. वेल्स तेव्हा तिथे होते आणि त्यांनी या प्रकाराबद्दल संतापाने लिहिले. १९२० मध्ये क्रांतीनंतरच्या पेट्रोग्राडमध्ये वेल्स गेले ते गॉर्कींच्याच घरी उतरले. शहर उपाशी आणि थंडीने गारठलेले. गॉर्की लेखकांना आणि शास्त्रज्ञांना शिधा मिळवून देण्यासाठी धडपडत होते. पाव्हलॉव्ह संशोधन करून उरलेल्या वेळात बटाटे आणि गाजरे लावत होते. ग्लाझुनोव्ह या संगीतकाराकडे स्वरलेखनाचा कागद संपत आला होता. वेल्सना सर्वांत आश्चर्य वाटले ते याचे, की या मंडळींनी त्यांच्याकडे पहिल्यांदा अन्न मागितले नाही. गेल्या काही वर्षांची शास्त्रीय नियतकालिके आणि पुस्तके मागितली. इंग्लंडला परतल्यावर त्यांनी ते कानावर घातलेच, आणि १९२१ च्या आरंभी रशियातील लेखक-शास्त्रज्ञांना पुस्तके व मदत पाठवण्यासाठी एक समिती उभी राहिली. तिच्या आवाहनाखाली वेल्स यांचे नाव आहे, आणि त्याच यादीत आणखी एक नाव आहे: आर. ए. ग्रेगरी. चांभाराचा तो मुलगा आता 'नेचर' या जगप्रसिद्ध विज्ञान साप्ताहिकाचा संपादक झाला होता. कॉलेजातले दोन अर्धपोटी सोबती पस्तीस वर्षांनी, दुसऱ्या देशातल्या अर्धपोटी विद्वानांसाठी एका कागदावर सही करत होते.

लेखकांची आंतरराष्ट्रीय संघटना पेन १९२१ मध्ये लंडनला स्थापन झाली होती. पहिले अध्यक्ष गॉल्सवर्दी. ते १९३३ च्या जानेवारीत गेले आणि अध्यक्षपद वेल्सकडे आले. वेळ कशी होती पाहा. त्याच महिन्यात हिटलर सत्तेवर आला, १० मे रोजी बर्लिनमध्ये पुस्तकांच्या होळ्या झाल्या. त्यांत वेल्स यांचीही पुस्तके होती. त्याच मे महिन्यात युगोस्लाव्हियातील दुब्रोव्हनिक येथे पेनची परिषद भरली. जर्मनीचे अधिकृत प्रतिनिधी आले होते आणि विषय निघू नये असा त्यांचा आग्रह होता. परागंदा जर्मन नाटककार अर्न्स्ट टोलरही आले होते. पेन राजकारणापासून दूर राहते, असा संघटनेचा नियमच होता, आणि त्या आडोशाला गप्प बसणे अध्यक्षाला सोपे होते. वेल्सनी टोलरना बोलू द्यायचे ठरवले. जर्मन प्रतिनिधी उठून गेले. टोलर बोलले. वर्षअखेरीस जर्मन केंद्राचा पेनशी संबंध तुटला, आणि देशाबाहेर पडलेल्या जर्मन लेखकांचे वेगळे केंद्र उभे राहिले.

याच १९३३ साली आपल्या मुंबईत सोफिया वाडिया यांनी पेनचे भारतीय केंद्र सुरू केले, रवींद्रनाथ टागोर त्याचे पहिले अध्यक्ष. म्हणजे आपल्याकडचे लेखक या संघटनेत पहिल्यांदा दाखल झाले, तेव्हा तिच्या डोक्यावर वेल्स होते. केंद्राचे काम मुंबईतून पुढे अनेक वर्षे चालले.

जर्मनीपुढे ताठ उभे राहणे आणि रशियापुढे वाकणे असे त्या काळी बऱ्याच पुरोगाम्यांनी केले. वेल्सनी स्टालिनबद्दल गैरसमज करून घेतले नाहीत असे म्हणता येणार नाही, भेटीनंतर त्यांनी त्याची स्तुती केलीच. पण जुलै १९३४ मध्ये मॉस्कोत स्टालिनशी बोलायला बसले असताना त्यांनी पेनचा आणि विरोधी मत मांडण्याच्या स्वातंत्र्याचा विषय काढला. मग जुने मित्र गॉर्की यांच्याकडे गेले आणि रशियन लेखकांनी पेनमध्ये यावे असे सुचवले. गॉर्की आता सरकारी मान्यतेचे मोठे लेखक झाले होते. त्यांनी नाही म्हटले. ज्या गॉर्कीसाठी वेल्स १९०६ मध्ये भांडले होते आणि ज्यांच्या घरी १९२० मध्ये राहिले होते, त्यांच्याकडून मिळालेला हा नकार वेल्सना फार लागला, हे त्याच वर्षी आलेल्या त्यांच्या आत्मचरित्रात दिसते.

१९३६ मध्ये त्यांनी अध्यक्षपद सोडले. मधुमेह बरीच वर्षे सोबत होता. स्वतः मधुमेही असलेले डॉक्टर आर. डी. लॉरेन्स यांच्याबरोबर त्यांनी १९३४ मध्ये मधुमेही रुग्णांची संघटना काढली, ती इंग्लंडमध्ये आजही काम करते. दुसऱ्या महायुद्धात बाँब पडत असताना लोकांनी सांगूनही ते लंडनमधले घर सोडून गेले नाहीत. १९४० मध्ये माणसाच्या हक्कांचा जाहीरनामा तयार करण्याच्या कामात ते बुडाले होते. टोलर तेव्हा नव्हते. १९३९ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कमधल्या हॉटेलात त्यांनी आत्महत्या केली होती.

१३ ऑगस्ट १९४६ रोजी रीजंट्स पार्कजवळच्या त्या घरातच वेल्स वारले. वय एकोणऐंशी. रक्षा समुद्रात सोडली गेली. रिचर्ड ग्रेगरी, आता सर रिचर्ड, त्यांच्यामागे आणखी सहा वर्षे होते.